तळ्याखालचा खडक

दोस्तांनो, तुमच्या आजीने कधी तुम्हाला आता नसलेली जागा दाखवली आहे का? 'इथे पूर्वी विहीर होती बरं का,' किंवा 'इथे चिंचेचं केवढं मोठं झाड होतं!' आपण मान डोलावतो. मनातून मात्र वाटतं, आजी जरा वाढवून सांगतेय.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. (राजधानीचं वॉशिंग्टन शहर वेगळं, ते पार दुसऱ्या टोकाला आहे.) तिथल्या क्लॅलम जमातीची मुलं पिढ्यान्‌पिढ्या अशीच एक गोष्ट ऐकत मोठी झाली. एल्वा नदीवर धरणाचं एक तळं आहे. त्या तळ्याच्या पाण्याखाली एक खडक आहे आणि खडकात विणलेल्या टोपल्यांसारखे दोन खोल खळगे आहेत. जगाच्या निर्मात्याने पहिल्या क्लॅलम माणसांना तिथेच अंघोळ घातली आणि आशीर्वाद दिला. फार पूर्वी क्लॅलम तरुण तिथे जात आणि आपलं पुढचं आयुष्य कसं असेल याचा कौल घेत.

ऐकणाऱ्या मुलांपैकी कोणीही तो खडक पाहिलेला नव्हता. पुढे पुढे तर सांगणाऱ्यांनीही पाहिलेला नव्हता. तळ्यावर जाऊन उभं राहिलं तर दिसायचं नुसतं पाणी.

आता हे क्लॅलम म्हणजे कोण? पूर्वीच्या पुस्तकांत आपण ज्यांना सरसकट 'रेड इंडियन' म्हणायचो, त्या मूळ रहिवाशांपैकी ही एक जमात. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानात पोचलो, म्हणून ते 'इंडियन' झाले. एका माणसाची चूक, आणि नाव चिकटलं शेकडो जमातींना! प्रत्येक जमातीचं स्वतःचं नाव आहे, स्वतःची भाषा आहे. क्लॅलमांची वस्ती समुद्राकाठी आणि एल्वाच्या मुखाशी. आणि त्यांचं सगळं जगणं एका माशाभोवती फिरायचं. तो मासा म्हणजे सॅमन.

(आपल्याकडे रावसाला काही जण 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं.)

सॅमनची गोष्ट मोठी मजेदार आहे. तुमच्यापैकी जे गावाकडचे असतील त्यांना 'चढणीचे मासे' माहीत असतील. पहिला पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. सॅमनही चढणीचाच मासा, फक्त त्याची चढण फार लांबची. तो जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, वाळूखड्यांच्या घरट्यात. थोडा मोठा झाला की वाहत वाहत समुद्रात जातो. तिथे काही वर्षं खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होतो आणि मग एके दिवशी परत फिरतो. कुठे? तर ज्या नदीत जन्मला, बहुधा त्याच नदीत! पाण्याच्या वासावरून तो आपलं गाव ओळखतो असं शास्त्रज्ञ सांगतात. उड्या मारत, खडकांवर आपटत तो वर चढतो, अंडी घालतो आणि प्रशांत महासागरातल्या सॅमनच्या बहुतेक जाती त्यानंतर मरून जातात. मेलेले मासे अस्वलं खातात, गरुड खातात. उरलेल्याचं खत होऊन काठावरची झाडं पोसली जातात. म्हणजे समुद्रातलं अन्न डोंगरातल्या झाडांपर्यंत पोचवणारा हा हमालच म्हणा ना!

एल्वा नदी लांबीने अवघी ७२ किलोमीटर. ऑलिम्पिक पर्वतात उगम पावते आणि उत्तरेला समुद्राला मिळते. पण या एवढ्याशा नदीत प्रशांत महासागरातल्या सॅमनच्या पाचही जाती चढायच्या. त्यातला 'चिनुक' नावाचा सर्वांत मोठा. एल्वातला एकेक चिनुक शंभर पौंडांचा, म्हणजे पंचेचाळीस किलोंचा असायचा, असं म्हातारी माणसं सांगत. पाचवीतल्या एखाद्या मुलापेक्षा वजनदार!

१८५५ साली अमेरिकन सरकारने क्लॅलम आणि शेजारच्या जमातींशी करार केला. जमातींनी आपली बहुतेक जमीन सरकारला दिली. त्या बदल्यात त्यांनी जे राखून ठेवलं त्यात एक गोष्ट महत्त्वाची होती: आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क. नीट लक्षात ठेवा हं, हा हक्क सरकारने त्यांना बक्षीस दिलेला नव्हता. तो त्यांचाच होता, त्यांनी तो सोडला नाही, एवढंच. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

नंतर थॉमस ॲल्डवेल नावाचा एक हिकमती माणूस आला. १८९० साली तो नदीजवळच्या पोर्ट एंजेलिस गावात उतरला. गाव लहान होतं, लाकडाचा धंदा वाढत होता. ॲल्डवेलने अरुंद दरीतून उसळत जाणारी एल्वा पाहिली आणि त्याला तिच्यात वीज दिसली. पाणी अडवायचं, त्याची उंची वाढवायची, मग ते उंचीवरून नळातून खाली सोडायचं. त्या जोराने चक्रं फिरतात, चक्रांबरोबर जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. कोळसा नको, धूर नाही. कल्पना वाईट नव्हती. त्या विजेवर कारखाने चालले, गावात दिवे आले, शेकडो घरांच्या चुली त्या कारखान्यांवर पेटल्या. हेही सांगायला हवं, नाहीतर ॲल्डवेल म्हणजे गोष्टीतला दुष्ट राक्षस होऊन बसेल.

पण त्याने एक गोष्ट केली नाही. वॉशिंग्टन राज्यात १८९० पासून कायदा होता की, जिथे मासे चढतात त्या नदीवर धरण बांधलं तर माशांना वर जायला वाट ठेवलीच पाहिजे. अशी वाट म्हणजे 'माशांची शिडी'. धरणाच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याच्या लहान टाक्या बांधतात. मासा एका टाकीतून दुसरीत उडी मारत वर जातो. १९१० साली एल्वावर धरणाचं काम सुरू झालं. उंची ३३ मीटर. समुद्रापासून अंतर फक्त आठ किलोमीटर. शिडी नाही!

घाई तर इतकी, की धरणाचा पाया खालच्या पक्क्या खडकापर्यंत नेलाच नाही. तो टेकला होता दगडगोट्यांच्या थरावर. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर तळ्यात पाणी भरत आलं आणि त्या पाण्याने खालून वाट काढली. धरणाची भिंत वर जागच्या जागी, आणि पाणी तिच्या पायाखालून भसकन बाहेर! खालच्या अंगाला क्लॅलम कुटुंबं राहत होती. पूर ओसरल्यावर झाडांत मासे अडकलेले दिसले, ही आठवण त्या जमातीत अजून सांगतात.

मग काय केलं? ते भगदाड दगड, माती आणि फर झाडांच्या फांद्यांचे थर टाकून बुजवलं आणि १९१३ साली धरण पुरं केलं. त्यानंतर शंभर वर्षं खालच्या वस्तीतले लोक त्या बुजवलेल्या धरणाच्या पायथ्याशी झोपत होते. पाऊस जोरात आला की त्यांना झोप कशी लागत असेल, विचार करा.

आणि शिडीचं काय झालं? इथे कायद्यातून पळवाट काढण्याचा एक नमुनाच पाहायला मिळतो. राज्याच्या मत्स्य-आयुक्तांनी तोडगा सुचवला. धरणाला जोडून माशांची पैदास करणारं केंद्र काढा. मग धरण हे धरण राहत नाही, पैदाशीसाठी मासे धरायचा तो बांध ठरतो! मग शिडी कशाला? पुढे १९१५ साली कायदाच तसा बदलून घेतला. पैदास केंद्र निघालं, आणि १९२२ साली बंदही पडलं. धरण मात्र राहिलं. १९२७ साली तेरा-चौदा किलोमीटर वर दुसरं धरण झालं, ग्लाइन्स कॅन्यनचं. ते ६४ मीटर उंच, आणि त्यालाही शिडी नाही.

म्हणजे नदी आणि तिचे ओढे-नाले मिळून शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचं पाणी माशांना बंद झालं. उरले मुखाजवळचे आठ किलोमीटर. मासे येत, भिंतीशी थांबत. वर्षानुवर्षं त्यांची संख्या घटत गेली.

नुकसान माशांवरच थांबलं नाही. नदी वाळू आणि गाळ आणते ना? तो सगळा धरणांमागे अडकला. खाली नुसते मोठे गोटे उरले, ज्यांत अंडी घालता येत नाहीत. मुखाजवळचा किनारा वाळूअभावी खचत गेला आणि शिंपल्या वेचायच्या जागा गेल्या. तो खडक तर पाण्याखाली गेलाच होता.

क्लॅलमांना कोणी विचारलं होतं का? नाही. सगळ्या मूळ रहिवाशांना अमेरिकेचं नागरिकत्व देणारा कायदासुद्धा झाला १९२४ साली. उलट, विसाव्या शतकात राज्याचे पहारेकरी क्लॅलम लोकांना मासे धरल्याबद्दल पकडत. कराराने राखलेला हक्क बजावला म्हणून गुन्हा! जमातीला एल्वाच्या मुखाशी स्वतःची म्हणता येईल अशी थोडी जमीन मिळाली ती १९३० नंतरच्या दशकात, आणि तिला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला १९६८ साली.

ॲल्डवेलने १९५० मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'शेवटची सरहद्द जिंकताना'. जिंकली, पण कोणाकडून, हे त्या नावात येत नाही.

वारं फिरलं १९७४ साली. जॉर्ज बोल्ट नावाच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की १८५५ च्या सुमारास झालेले ते करार आजही जिवंत आहेत. जमातींना त्यांच्या नेहमीच्या जागी मासे धरू द्या, आणि धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा. राज्यात एकच गदारोळ झाला. १९७९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल बहुतांशी उचलून धरला. आता क्लॅलमांच्या हातात जोर आला. कारण हक्क आहे, पण नदीत मासाच नाही, तर त्या हक्काचं करायचं काय?

त्यातच धरणांच्या परवान्याचा प्रश्न निघाला. खालच्या धरणाला केंद्र सरकारचा परवाना कधी नव्हताच, आणि वरच्याचा १९७६ साली संपला होता. नवा परवाना द्यायचा का, यावर सुनावण्या सुरू झाल्या. १९८६ साली क्लॅलम जमात त्यात उतरली आणि तिने मागणी केली, धरणं पाडा. निसर्गप्रेमी संस्थाही मग सामील झाल्या. त्या काळी 'धरण पाडा' म्हणणं म्हणजे वेड्यात निघणं होतं. गावातल्या कित्येकांना ती तळी आवडायची. तिथे ते होड्या वल्हवायचे, मुलांना फिरायला न्यायचे. त्यांच्या दृष्टीने ते तळं म्हणजेच निसर्ग होता. कारखान्याला नोकऱ्यांची काळजी होती. भांडण सोपं नव्हतं.

हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट पुढे आली. दोन्ही धरणं मिळून विजेची क्षमता होती २८ मेगावॉटच्या आसपास. आपल्या कोयनेची क्षमता आहे १९६० मेगावॉट, म्हणजे तिच्या सत्तराव्या हिश्शाइतकी! तीही शेवटी एका कागद कारखान्याच्या कामी येत होती, आणि त्या एका कारखान्याचीसुद्धा सगळी गरज भागत नव्हती. १९९२ साली अमेरिकन संसदेने कायदा केला की नदी आणि तिचे मासे पूर्ववत करायचे.

कायदा झाला म्हणून काम लगेच झालं असं मात्र नाही. पैसे मिळवण्यातच वर्षं गेली. सरकारने धरणं विकत घेतली २००० साली. पाडण्याआधी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी शुद्धीकरणाची नवी सोय करावी लागली, कारण धरणांमागे दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ साठला होता. तो एकदम सुटला तर नदीच गुदमरायची. म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये काम सुरू झालं ते सावकाश. भिंत वरून थोडी कापायची, पाणी उतरू द्यायचं, गाळ वाहू द्यायचा, मासे येण्याच्या दिवसांत थांबायचं, आणि पुन्हा कापायचं.

मार्च २०१२ पर्यंत खालचं धरण गेलं. तळं आटलं. तिथे दिसला नुसता चिखल आणि शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या प्रचंड झाडांचे बुंधे, जसेच्या तसे. त्या उन्हाळ्यात जमातीचे लोक त्या चिखलातून चालत शोध घेत फिरले.

आणि तो खडक सापडला!

टोपल्यांसारखे दोन खळगे. आजी-पणजी सांगत होत्या तसेच. त्याच तळ्याच्या जागी माणसांच्या फार जुन्या वावराच्या खुणाही मिळाल्या, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्याकडे तेव्हा हडप्पा-मोहेंजोदडोही वसलेलं नव्हतं. खडक नेमका कुठे आहे हे जमात बाहेरच्यांना सांगत नाही. मला तर ते अगदी पटतं. सांगितलं असतं तर एव्हाना तिथे भेळेची गाडी लागली असती!

ऑगस्ट २०१४ मध्ये वरच्या धरणाचा शेवटचा तुकडा सुरुंगाने उडवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोर्ट एंजेलिसमध्ये हेझल सॅम्पसन नावाच्या आजी वारल्या. वय १०३. क्लॅलम भाषा आईच्या मांडीवर शिकलेली ती शेवटची व्यक्ती. त्यांचा जन्म १९१० सालचा, म्हणजे धरणाचं काम सुरू झालं त्याच वर्षीचा. एका आजीच्या आयुष्यात धरण आलं, नदी अडली, मासे गेले, धरण जाऊ लागलं आणि मासे परत यायला लागले. पण मधल्या काळात शाळांनी मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांची भाषा बोलू दिली नव्हती. धरण पाडता येतं. भाषेचं तसं नसतं. तरी जमातीने म्हाताऱ्या माणसांकडून शब्द टिपून घेतले, २०१२ साली जाडजूड शब्दकोश निघाला, आणि पोर्ट एंजेलिसच्या हायस्कुलात क्लॅलम हा विषयही शिकवला जाऊ लागला.

मासे किती दिवसांनी परतले असतील? खालचं धरण हटल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, २०१२ साली, चिनुक सॅमन जुन्या धरणाची जागा ओलांडून वर गेलेले दिसले. शंभर वर्षांत तिथे एकही सॅमन गेला नव्हता. रस्ता दाखवायला कोणी वडीलधारा नाही, तरी ते गेले. मुखाशी वाळू येऊन पडली आणि नवा किनारा तयार झाला. उघड्या पडलेल्या तळ्यांच्या जागी जमातीने आणि राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांनी तीन लाखांहून जास्त रोपं लावली.

सगळं गोडच झालं असं समजू नका. गाळाने काही काळ नदीचं पाणी चहासारखं झालं होतं. माशांची पैदास करून ते नदीत सोडावेत, की त्यांचे त्यांनाच वाढू द्यावं, यावरून लोक कोर्टात गेले. आणि एक अवघड गोष्ट आणखी. पोर्ट एंजेलिसला वीज येते ती त्या प्रदेशाच्या वीजजाळ्यातून, आणि त्या जाळ्यातली बरीचशी वीज कोलंबिया नदीवरच्या मोठमोठ्या धरणांची. त्यातल्याच एका धरणाचे दरवाजे १० मार्च १९५७ रोजी बंद झाले, तेव्हा सेलिलो नावाचा धबधबा काही तासांत बुडाला होता. हजारो वर्षं अनेक जमाती तिथे लाकडी फळ्यांवर उभं राहून सॅमन धरत आल्या होत्या. ते धरण पाडायचं म्हटलं तर हिशेब २८ मेगावॉटचा राहत नाही. त्याची क्षमता कोयनेच्या जवळपास जाते. तुम्ही काय ठरवाल? घरी आई-बाबांना विचारून बघा, एकमत होतंय का ते.

एल्वाचं उदाहरण पाहून इतरांनाही बळ आलं. शेजारच्या ओरेगन आणि कॅलिफोर्निया राज्यांतून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं युरोक, करूक वगैरे जमातींच्या लढ्यामुळे २०२४ सालापर्यंत पाडून झाली. ते काम एल्वापेक्षाही मोठं ठरलं.

इकडे एल्वावर मात्र एक गंमतीची, म्हणजे खरं तर कठीण गोष्ट चालू होती. धरणं पाडायला घेतली तेव्हाच, २०११ मध्ये, मासेमारी बंद ठेवायचं ठरलं. ज्यांनी शंभर वर्षं मासे परत यायची वाट पाहिली, त्यांनी मासे यायला लागल्यावर हात आवरला! एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं. माशांची पोरं समुद्रात जाऊन परत येऊ देत, त्यांचीही पोरं होऊ देत.

शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये 'कोहो' जातीच्या सॅमनसाठी छोटासा हंगाम उघडला. विकायला नाही, फक्त जमातीच्या विधींसाठी आणि घरच्या जेवणासाठी. मोजकेच मासे धरायचे, अशी अट. पहाटेच्या गारठ्यात लोक नदीवर गेले, लहान मुलांना बरोबर घेऊन. मोकळ्या वाहणाऱ्या एल्वात मासा धरायची वेळ त्या मुलांच्या आज्यांवरसुद्धा कधी आली नव्हती.

आता तिथे नदीत गळ टाकून उभ्या असलेल्या मुलांना कोणीतरी सांगत असेल, 'इथे पूर्वी मोठं तळं होतं बरं का.' आणि मुलं मान डोलावत असतील.